दिल्लीत रद्द, मुंबईत मात्र चालू

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फूटपाथवर झोपणाऱ्यांविषयी तक्रार करणारी पत्रे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अधूनमधून येत असतात आणि त्यांचा शेवट बहुतेक वेळा एकाच मागणीने होतो: या लोकांना पोलिसांनी उचलून न्यावे. ही मागणी करणारे वाचक निर्दय आहेत असे मला वाटत नाही. वयस्कर माणसाला फूटपाथ सोडून भर वाहतुकीतून चालावे लागते तेव्हा त्याचा संताप खराच असतो. मात्र कोणत्या कायद्याने उचलायचे, कोणत्या आरोपाखाली आणि उचलून कुठे न्यायचे, याचा उल्लेख त्या पत्रांत सहसा नसतो. आयुष्याचा बराच काळ फौजदारी न्यायालयांत वकिली केल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मला थोडीफार माहीत आहेत. ती वाचकांसमोर ठेवावीत म्हणून हे पत्र, काहीसे लांबले तरी, लिहीत आहे.

घर नसणे हा गुन्हा आहे असे आपल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही आणि तसे लिहिण्याची गरजही भासलेली नाही, कारण १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा त्या कामाला पुरेसा पडतो. हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आधी १९४५ चा मुंबईचा भिकाऱ्यांविषयीचा कायदा होता. भीक मागणे म्हणजे काय, याची १९५९ च्या कायद्यातली व्याख्या वाचकांनी एकदा तरी नजरेखालून घालावी. रस्त्यात हात पसरणे, भिक्षेसाठी खासगी आवारात शिरणे, जखम किंवा व्यंग दाखवून पैसे मागणे हे तिच्यात आहेच. पण त्याच व्याख्येत असेही म्हटले आहे की, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना एखादी व्यक्ती सार्वजनिक जागी अशा अवस्थेत किंवा अशा रीतीने भटकत किंवा थांबलेली आढळली की ती भिक्षेवर जगत असण्याचा संभव वाटावा, तर तेही भीक मागणेच होय. म्हणजे तिने कोणाकडे काही मागितलेले असण्याची गरज नाही आणि कोणी तक्रार केलेली असण्याचीही गरज नाही. मळलेले कपडे, वाढलेली दाढी, शेजारी गोणपाटाचे गाठोडे आणि रात्रीची वेळ एवढ्यावर संशय उभा राहतो आणि पोलिसाला वॉरंटविना अटक करता येते.

पुढची कार्यवाही संक्षिप्त चौकशीची असते. अशा सुनावण्या मी पाहिल्या आहेत. नाव काय, वय किती, गाव कोणते, काम काय करतोस, मालकाचा पत्ता किंवा चिठ्ठी आहे का, एवढ्या प्रश्नांत प्रकरण आटोपते. हातगाडी ओढणाऱ्याकडे किंवा लग्नाच्या मोसमात केटररकडे वाढपी म्हणून जाणाऱ्याकडे मालकाची चिठ्ठी कुठून असणार? त्याचा मालक म्हणजे रोज सकाळी नाक्यावर भेटणारा मुकादम, आणि तो मुकादमही उद्या दुसराच असतो. न्यायालयाने त्याला भिकारी ठरवले की पहिल्याच खेपेला किमान १ वर्ष आणि कमाल ३ वर्षे भिक्षेकरी गृहात डांबण्याची तरतूद आहे. तो पुन्हा सापडला तर मुदत वाढते, आणि त्यानंतर आणखी एकदा सापडला तर ती १० वर्षांवर जाते, ज्यातली २ वर्षांपर्यंतची मुदत न्यायालय तुरुंगवासात बदलू शकते. आंधळा, पांगळा किंवा असाध्य आजाराने असहाय झालेला असेल, तर सरकार त्याला मुदतीविना ठेवून घेऊ शकते. त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या माणसांनाही डांबता येते. चोरीमारीच्या कितीतरी खटल्यांत मी आरोपींना याहून कमी शिक्षेवर सुटलेले पाहिले आहे.

समज देऊन बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे खरे. पण बंधपत्राला जामीनदार मागितला की जामीनदाराला घरदार हवे, रेशनकार्ड हवे, आणि त्याने आरोपीला ओळखायला हवे. घर नसल्यामुळे जो पकडला गेला, त्याची सुटका घर असलेल्या ओळखीच्या माणसावर अवलंबून ठेवायची, अशी ही रचना आहे.

या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे, अशा निमित्ताने पैसे घेणेही भीक म्हणून धरले आहे. वासुदेव, पिंगळा, कुडमुडे जोशी, नंदीबैलवाले, पोतराज, बहुरूपी यांना जन्माला घालणाऱ्या प्रांताच्या विधिमंडळाने हे लिहिले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून भटकणाऱ्या माणसाला जन्मतः संशयित ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण भटक्याकडे संशयाने पाहण्याची सवय रद्द झाली नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या जमावाने कोणत्याही कायद्याचा आधार घेतला नव्हता. परंतु भटकून मागून खाणारा माणूस मुळातच गुन्हेगार असणार, हे गृहीतक जमावाच्या डोक्यात होते आणि तेच आपल्या कायद्याच्या पुस्तकातही आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. अंगावर ठिगळांचे कपडे, डोक्यावर फुटके गाडगे, मुक्काम जिथे रात्र पडेल तिथे आणि जेवण म्हणजे लोकांनी घातलेली भाकर, अशा माणसाला १९५९ नंतर मुंबईत कोणत्याही हवालदाराने भिक्षेकऱ्यांच्या गाडीत चढवले असते, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याचे काहीच चुकले नसते. त्यांच्या नावाच्या धर्मशाळा मुंबईत आहेत आणि कर्करुग्णांच्या नातेवाइकांना त्यांचा आधार वाटतो. पण तिथली जागा संपली की उरलेली कुटुंबे परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास फूटपाथवरच पथारी टाकतात. जळगाव, बीड किंवा थेट बिहार-बंगालमधून आलेली ही माणसे गावी घरदार असलेली आहेत. उपचार महिनोन्‌महिने चालतात, हातातले पैसे संपतात आणि कायद्याच्या नजरेतून पाहिले तर त्यांच्यातला आणि भिकाऱ्यातला फरक रोज थोडाथोडा पुसट होत जातो.

हा कायदा मुंबईपुरता राहिला नाही. देशातल्या वीसेक राज्यांत भीकविरोधी कायदे आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी मुंबईचाच नमुना समोर ठेवला. दिल्लीने तर मुंबईचा कायदाच स्वतःला लागू करून घेतला होता. त्याच दिल्लीत ८ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या तत्कालीन प्रभारी मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल आणि न्या. सी. हरिशंकर यांच्या खंडपीठाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी या कायद्यातली कलमे घटनाबाह्य ठरवून रद्द केली. राज्यसंस्थेने नागरिकाला जगण्याची किमान साधने पुरवली नाहीत म्हणून तो मागून खातो आणि मग तीच राज्यसंस्था त्याला त्याबद्दल शिक्षा करते, हे राज्यघटनेच्या कलम १४ आणि कलम २१ मध्ये बसत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिथला १९६० चा कायदा घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने अशा मागणीकडे उच्चभ्रू दृष्टीने पाहता येणार नाही, असे सांगून तो आदेश द्यायला नकार दिला. शिक्षण आणि रोजगार नसल्याने माणूस रस्त्यावर येतो, हा सामाजिक प्रश्न आहे, अशी खंडपीठाची भूमिका होती.

म्हणजे मुंबईत तयार झालेला कायदा दिल्लीत घटनाबाह्य ठरला आणि त्याच्या जन्मगावी मात्र तो अजून चालू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाही, हे कायद्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पण ज्या शब्दांमुळे तो कायदा तिथे पडला तेच शब्द इथे लागू आहेत आणि राज्यघटनाही तीच आहे. असे असताना राज्याच्या विधी विभागाने इतकी वर्षे स्वस्थ का बसावे, हा प्रश्न विचारायला वकील असण्याची गरज नाही.

हा कायदा जुना आणि विस्मरणात गेलेला असता तर मी एवढा त्रास घेतला नसता. प्रत्यक्षात तो मोसमी पावसासारखा नेमाने येतो. शहरात मोठी परिषद असली, परदेशी पाहुणे यायचे असले किंवा एखाद्या देवस्थानात गर्दीचा हंगाम असला, की मोहिमा सुरू होतात. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० च्या निमित्ताने बैठक होती. त्याआधी ९ मार्चपासून ३० एप्रिलपर्यंत चौकांत आणि रस्त्यांवर भीक मागायला एकत्र येण्यास मनाई करणारा आदेश तिथल्या पोलीस आयुक्तांनी फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली काढला होता. दंगलीच्या वेळी वापरायचे कलम उपाशी माणसांवर वापरले गेले. पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये एवढाच ज्या कारवाईचा हेतू असतो, ती पाहुणे परतल्यावर आपोआप विरते आणि पकडलेल्यांचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी उरत नाही.

शिर्डीत काय झाले ते मात्र लोकांना कळले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथून पकडलेल्यांना अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेण्यात आले. त्यांच्यातल्या काहींना प्रकृती बिघडल्यामुळे जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले आणि चौघांचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी ही बातमी दिली, नातेवाइकांनी आरोप केले, काही दिवस गदारोळ झाला. ज्या माणसांना सरकारने स्वतः पकडून स्वतःच्या ताब्यात घेतले ती काही दिवसांत दगावतात, याची जबाबदारी कायद्याने कोणाची असते? कोठडीतला मृत्यू म्हटला की न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी, शवविच्छेदन, मानवी हक्क आयोगाला अहवाल हे सारे ओघाने येते. भिक्षेकरी गृह हे नावाने गृह असल्यामुळे तिथल्या मृत्यूकडे आश्रमातल्या मृत्यूसारखे पाहिले जाते, जरी तिथून बाहेर पडण्याची मुभा कोणालाही नसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहाच्या प्रकरणात दिलेला निकाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तिथे २००० मध्ये दूषित पाण्यामुळे साथ पसरून माणसे मेली होती. या संस्था तुरुंगासारख्या चालवता येणार नाहीत, असे सांगून न्यायालयाने प्रत्येक दाखल व्यक्तीची २४ तासांत वैद्यकीय तपासणी करण्यासह अनेक निर्देश सर्व राज्यांना दिले. महाराष्ट्रात अशी १४ भिक्षेकरी गृहे आहेत. तिथे काम करणाऱ्या भिक्षेकऱ्यांना १९६४ पासून महिन्याला ५ रुपये मेहनताना मिळत असे आणि तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. वाढ स्वागतार्ह आहे. पण महिना ५ रुपये हा दर साठ वर्षे कोणाच्याही डोळ्यांत खुपला नाही, यावरून सरकारदरबारी या माणसांची किती आठवण ठेवली जाते ते दिसते.

आता फूटपाथवर झोपतात ती माणसे कोण, याकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी झाली. देशभरात १७.७ लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसे त्या रात्री उघड्यावर आढळली. मुंबईचा आकडा ५७ हजारांच्या घरात होता. बेघरांमध्ये काम करणाऱ्या संस्थांचे म्हणणे असे की एका रात्रीत होणाऱ्या मोजणीत बरीच माणसे सुटतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण ज्याला पोलीस उचलण्याची भीती आहे तो खाकी कपडे आणि वही पाहून गल्ली बदलतोच.

या माणसांत भीक मागणारे थोडे आणि काम करणारे बहुसंख्य, हे मशीद बंदर, दाणाबंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात रात्री एक फेरी मारली तरी समजते. हातगाडीवाले, हमाल, भंगार वेचणारे, हॉटेलातले पोऱ्ये, बांधकामावरचे बिगारी, सारे तिथेच झोपतात. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्याच्या हिल रोडवर मध्यरात्री एक गाडी फूटपाथवर चढली आणि त्या वेळी तिथे झोपलेले लोक जवळच्याच बेकरीतले कामगार होते. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत केसनंद फाट्याला डंपरखाली चिरडली गेलेली माणसे कामासाठी अमरावतीहून आलेले मजूर होते. मृत तिघांत दोन लहान मुले होती. या दोन्ही घटनांनंतर, रस्ता ही काय झोपायची जागा आहे का, असा सवाल करणारे लोक होते. त्या लोकांना मुंबईत खोलीचे डिपॉझिट किती आणि बिगाऱ्याची दिवसाची मजुरी किती, याचे गणित घालायला हवे. कामावर जाण्यासाठी पहाटे चारला हजर राहावे लागणाऱ्याने नालासोपाऱ्यात खोली घेतली, तर गाडीच सुटलेली नसते. म्हणून तो कामाच्या जागेशेजारी झोपतो. दुकाने बंद झाल्यावर रात्री अकराला तो अंथरूण पसरतो आणि ती उघडण्याआधी उचलतो. ज्या वाचकांना फूटपाथ मोकळे हवे आहेत त्यांनी दिवसा ते कोणी अडवलेले असतात हेही पाहावे. माझ्या गल्लीत तरी ते दुचाकींनी अडवलेले असतात, आणि दुचाकीला वर्षभर डांबण्याची तरतूद अजून कोणी केलेली नाही.

या प्रश्नावर मुंबई शहराने एकदा देशाला दिशा दिली होती, याचा विसर पडू नये. जुलै १९८१ मध्ये भर पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फूटपाथवरच्या झोपड्या हटवून तिथल्या रहिवाशांना त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली आणि लोकांना बसगाड्यांत भरायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध याचिका केल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि कामाच्या जवळ राहण्याची जागा हिरावली की कामही जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. निकाल पूर्णपणे फूटपाथवाल्यांच्या बाजूचा नव्हता, हेही सांगायला हवे. फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे आणि नोटीस देऊन महापालिका अतिक्रमण काढू शकते, असेच न्यायालयाने म्हटले, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले. मला तो निकाल आजही महत्त्वाचा वाटतो, कारण फूटपाथवर राहणारा माणूस तिथे गुन्हा करण्याच्या हेतूने आलेला नसतो, परिस्थितीने आलेला असतो, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अतिक्रमण हटवणे ही नागरी कारवाई आहे आणि माणसाला अटक करून डांबणे ही फौजदारी. आपल्याकडच्या चर्चेत या दोन्ही गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

मुंबई उच्च न्यायालयाचे सूर या बाबतीत नेहमी एकसारखे लागलेले नाहीत. बेघरांना अन्न, पाणी आणि निवारा मिळावा म्हणून झालेल्या याचिकेवर जुलै २०२१ मध्ये, बेघरांनीही देशासाठी काम केले पाहिजे, सारे काही सरकार पुरवू शकत नाही, असे खंडपीठाने सुनावले होते. मार्च २०२३ मध्ये मात्र दक्षिण मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवण्याचा विषय निघाला, तेव्हा न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने, ही गरीब माणसे आहेत पण माणसेच आहेत, असे बजावून तसा आदेश देण्याचे नाकारले. पहिल्या निरीक्षणाबद्दल पूर्ण आदर राखून एवढेच म्हणतो की, ज्यांच्याविषयी ते केले गेले त्यांतले बहुतेक जण काम करूनच रस्त्यावर झोपतात.

या कायद्याची बाजू घेणारे लोक भिकाऱ्यांच्या टोळ्यांचा दाखला देतात. लहान मुलांना पळवून, अपंग करून भीक मागायला लावणारे नराधम असतात, यात वाद नाही. परंतु त्यांच्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम १३९ भीक मागण्यासाठी मुलाला पळवण्याला किंवा अपंग करण्याला कडक शिक्षा सांगते. मानवी तस्करीच्या कलम १४३ मध्ये शोषणाच्या व्याख्येत आता भीक मागायला लावणेही आले आहे. बालन्याय कायद्यातही मुलांकडून भीक मागवून घेणाऱ्याला शिक्षा आहे. खुद्द १९५९ च्या कायद्यात, दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यासाठी कलम ११ आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते हेतुपुरस्सर कायम ठेवले. तेव्हा टोळीचा म्होरक्या धरायचा असेल तर पोलिसांचे हात कोणी बांधलेले नाहीत. मोहिमेत प्रत्यक्षात सापडतात ते म्होरके नव्हेत. पळता न येणारे म्हातारे, आजारी आणि वेडसर असतात.

वेडसर म्हणून ज्यांना आपण ओलांडून जातो त्यांच्यासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० आहे. मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या व्यक्तीला पोलिसाने संरक्षणात घ्यावे, २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात न्यावे, कोठडीत ठेवू नये आणि ती बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिचे कुटुंब शोधावे, असे त्यात सांगितले आहे. कर्जतमध्ये डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने नेमके हेच काम करून दाखवले आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या त्या कामाबद्दल वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकाच माणसाबाबत दोन कायदे उपलब्ध असताना, डांबणारा कायदा पोलीस ठाण्यात तोंडपाठ आणि सांभाळणारा कायदा अनोळखी, अशी स्थिती असेल तर तो दोष प्रशिक्षणाचा आहे आणि वरिष्ठांना तो दूर करता येईल.

उचलू नका तर ठेवायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात २०१० मध्ये आणि केंद्र सरकारने २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात देऊन ठेवले आहे. दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे १०० माणसांचा, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा असावा. २०११ ची लोकसंख्या धरली तरी मुंबईला असे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. आज मुंबई त्या संख्येच्या जवळपासही पोहोचलेली नाही. जे निवारे आहेत त्यांत पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे असल्याने संसार घेऊन रस्त्यावर असलेल्याला कुटुंब विखरून आत जावे लागते. काही ठिकाणी आधार कार्ड मागतात, काही ठिकाणी भंगाराची गोणी आत आणू देत नाहीत, आणि ती गोणी म्हणजे त्याचे भांडवल असते. निवारा कामाच्या जागेपासून दोन स्टेशने दूर असला तर तो रिकामा राहतो आणि मग, बेघरांनाच तिथे यायचे नसते, असा शेरा फाइलवर लिहिला जातो. निवारा कुठे, कोणासाठी आणि कोणत्या नियमांवर, हे ठरवताना त्या फूटपाथवर झोपणाऱ्याला कोणी विचारत नाही.

दुसरीकडे त्याच बेघर माणसाला मतदार म्हणून नोंदणी करायची असेल तर निवडणूक आयोग घराचा पुरावा मागत नाही. मतदान केंद्र पातळीवरचा अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का याची खात्री करतो, आणि तेवढ्यावर नाव यादीत घेता येते. म्हणजे एका खात्याचा माणूस रात्री येऊन तो तिथे झोपलेला सापडला म्हणून त्याला नागरिक मानतो आणि दुसऱ्या खात्याचा माणूस त्याच रात्री, त्याच कारणासाठी, त्याला गाडीत घालू शकतो. १८९८ च्या फौजदारी संहितेत 'उपजीविकेचे उघड साधन नसणारा' म्हणून माणसाकडून चांगल्या वर्तणुकीची हमी मागण्याची तरतूद होती आणि संसदेने १९७३ ची संहिता करताना ती गाळून टाकली. साम्राज्याच्या काळातला तो शब्दप्रयोग संसदेने पन्नास वर्षांपूर्वी सोडला. आपण तो भिक्षेकऱ्यांच्या कायद्यात जपून ठेवला आहे.

राज्य सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. संपूर्ण कायदा मागे घेण्यासाठी विधेयक आणायला वेळ लागणार असेल, तर व्याख्येतला 'दृश्य साधन नसताना' हा भाग आणि गाणे-नाचणे-खेळ करण्याचा भाग पुढच्याच अधिवेशनात वगळावा. कलम ११ ठेवावे. गृह विभागाने तोवर परिपत्रक काढून या कलमांखालच्या अटका थांबवाव्यात. मोहिमांचे आदेश परिपत्रकांनीच निघतात, तेव्हा थांबवण्याचेही निघू शकतात. महिला व बालविकास विभागाने १४ भिक्षेकरी गृहांत आज किती जण आहेत, त्यांना व्याख्येच्या कोणत्या भागाखाली आत टाकले, त्यांतल्या किती जणांच्या बाजूने वकील उभा होता आणि मागच्या पाच वर्षांत आत किती जण दगावले, ही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या पॅनलवर वकील आहेत आणि मोफत वकील मिळण्याचा हक्क कोठडीतल्या प्रत्येकाला आहे. त्यांनी या गृहांना भेटी देऊन प्रत्येक आदेशाची प्रत तपासायला सुरुवात केली, तर त्यासाठी नव्या कायद्याची किंवा नव्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील
दादर, मुंबई